बंदुकीचा भाव आणि शिकाऱ्याची नीति

अमेरिकेंतील शिकारी मंडळींच्या बोलण्यांत अलीकडे एक तक्रार वारंवार कानीं येते. शिकारीची रायफल विकत घेणें आतां सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर चाललें आहे. बापानें जी रायफल चार महिने पैसा बाजूला टाकून घेतली, ती मुलाला वर्षभर काटकसर करूनहि परवडत नाहीं. आणि भाववाढ अशीच चालू राहिली तर शिकार हा केवळ श्रीमंतांचा षोक होऊन बसेल, असा त्या तक्रारीचा मथितार्थ असतो. ती ऐकून आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनांत पहिला विचार कोणता येईल हें सांगावयास ज्योतिषी नको. "बरेंच झालें!" असें तो म्हणेल. मारण्याचें साधन महागलें म्हणजे मारणारे घटतील, आणि मारणारे घटले म्हणजे मरणारेहि घटतील. यांत दुःख मानावयाचें तें कोणीं आणि कशासाठीं? अहिंसेचा उपदेश ज्यांस अडीच हजार वर्षें पटला नाहीं, त्यांस तो दुकानदाराच्या पावतीनें पटला तर आपलें काय गेलें?

हा विचार दिसावयास इतका सरळ आहे कीं, तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो एकट्या शिकारीपुरता नाहीं. जें काम माणसाच्या विवेकानें करावयाचें, तें वस्तूची किंमत करूं शकते काय? दारू महाग करा, तंबाखू महाग करा, म्हणजे लोक आपोआप सुधारतील, असें आपण येतां जातां म्हणत असतों. रायफलीच्या निमित्तानें या म्हणण्याची थोडी झडती घ्यावी असा आमचा विचार आहे. रायफलीचें उदाहरण या कामीं विशेष सोयीचें आहे. कारण येथें किंमत मोजणारा एक असतो व परिणाम भोगणारा दुसराच असतो, आणि त्या दुसऱ्यास बाजारांत येऊन घासाघीस करतां येत नाहीं.

प्रथम मूळ तक्रार कितपत खरी आहे तें पाहूं. विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल ७०' ही रायफल अमेरिकन शिकाऱ्यांत इतकी मान्यता पावली कीं, तिला रायफलवाल्यांची रायफल म्हणण्याचा प्रघातच पडला. १९३७ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तिची छापील किंमत ६१ डॉलर २५ सेंट होती. आज त्याच नांवाच्या रायफलीस हजार डॉलरांहून बरेच अधिक पडतात. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे वीसपटीची भाववाढ डोळ्यांत भरते. परंतु १९३७ चा डॉलर व आजचा डॉलर यांच्या क्रयशक्तींत एकास सुमारें बावीस असें अंतर पडलें आहे. त्या वेळचे एकसष्ट डॉलर आजच्या तेराशें डॉलरांच्या पुढेंच जातात. म्हणजे रायफल जेथल्या तेथेंच आहे. घसरला आहे तो डॉलर. मजुरीच्या मापानें मोजलें तर गोष्ट याहूनहि उलट दिसते. त्या सालीं कारखान्यांतील अमेरिकन कामकऱ्यास तासाला साठ-बासष्ट सेंट मिळत. तेव्हां ती रायफल घ्यावयास त्याला जवळ जवळ शंभर तास राबावें लागे. अलीकडच्या कामकऱ्यास तासाला सत्तावीस-अठ्ठावीस डॉलर मिळतात, आणि त्याचें काम पन्नास तासांच्या आसपास भागतें.

मग ही हळहळ कशाची? आमच्या मतें तिचें मूळ किंमतींत नसून आठवणींत आहे. १९६४ सालीं विंचेस्टर कंपनीनें घडणीचा खर्च वांचविण्यासाठीं या रायफलीच्या रचनेंत बदल केले. लांकडी दस्त्यावर कारागीर हातानें कोरीत असे ती नक्षी जाऊन तिच्या जागीं यंत्रानें दाबून उमटविलेली नक्षी आली, आणि काडतूस घट्ट धरून नळींत नेणाऱ्या जुन्या भक्कम रचनेऐवजीं सोपी व स्वस्त रचना आली. ग्राहकांनीं एकच ओरड केली. तेव्हांपासून 'चौसष्टपूर्व' हा शब्द त्या व्यवहारांत आपल्याकडील 'जुन्या घडणीचा' या शब्दासारखा वापरला जातो, आणि त्या जुन्या रायफलींसाठीं हौशी लोक वाटेल ती किंमत मोजतात. याच्या उलट बाजूस, २०१२ सालीं निघालेली रूगर कंपनीची 'अमेरिकन' किंवा सॅव्हेज कंपनीची 'ॲक्सिस' यांसारख्या रायफली पहाव्या. दस्ता प्लास्टिकचा, रूप ओबडधोबड, किंमत साधारण चारपांचशें डॉलर. आणि नेम मात्र असा कीं, आजोबांच्या अक्रोडी दस्त्याच्या रायफलीनें मान खालीं घालावी. तेव्हां हरिण मारण्याचें साधन महाग झालें आहे हें म्हणणें खरें नव्हे. महाग झाली आहे ती त्या साधनाभोंवतीं असलेली शोभा: अक्रोडाचें लांकूड, हाताची कारागिरी, आणि मुलाच्या हातीं देतांना बापाच्या डोळ्यांत दिसणारा तो अभिमान. या गोष्टी महाग झाल्याबद्दल वाईट वाटणें स्वाभाविक आहे; पण त्यामुळें एकहि प्राणी वांचलेला नाहीं.

खरी महागाई अन्यत्र आहे, आणि तक्रार करणाऱ्यांस ती शब्दांत नीट मांडतां येत नाहीं एवढेंच. रायफल आयुष्यांत एकदां घ्यावयाची. परंतु तिच्यावर बसविण्याची दुर्बीण कित्येकदां रायफलीहून महाग असते, परवाना दरसाल काढावा लागतो, आणि शिकारीस जमीन लागते ती फुकट मिळण्याचे दिवस गेले. टेक्सास संस्थानांत जवळ जवळ सर्व जमीन खासगी मालकीची आहे. तेथें हरणामागें जावयाचें तर जमीनदाराला हंगामाचें भाडें मोजावें लागतें. काडतुसांची गोष्ट तर विचारूंच नये. २०२० व २०२१ या दोन सालीं साथीच्या भयानें व राजकीय धास्तीनें लोकांनीं अशी कांहीं खरेदी केली कीं, दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या आणि भाव दुप्पट-तिप्पट झाले. काडतुसांकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे. सध्यां त्यांची फक्त नोंद करून ठेवतों.

आतां तक्रार अंशतः खरी मानूं, आणि शिकार खरोखरच श्रीमंतांपुरती उरली असें धरून चालूं. तसें झालें म्हणजे काय होतें, याचा अंदाज बांधण्याचें कारण नाहीं. इंग्लंडनें हा प्रयोग पूर्वींच करून ठेवला आहे, आणि तोहि थोडा थोडका नव्हे, एकशें साठ वर्षें. १६७१ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या पार्लमेंटनें असा कायदा केला कीं, वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन, अथवा दीडशें पौंड उत्पन्नाचा लांब मुदतीचा पट्टा ज्याच्याजवळ नाहीं, त्यानें ससा किंवा तित्तिर मारूं नये. इतकेंच नव्हे तर त्यासाठीं बंदूक, जाळें वा शिकारी कुत्रा बाळगूंहि नये. जहागीरदाराच्या रखवालदारास अशा माणसाच्या घराची झडती घेऊन बंदूक काढून नेण्याचा अधिकार मिळाला. त्या काळीं पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देण्यास चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन पुरत असे. म्हणजे राज्यकारभारांत भाग घेण्यास जितकी मालमत्ता लागे तिच्या पन्नासपट मालमत्ता एक तित्तिर मारण्यास लागे, ही विसंगति ब्लॅकस्टनसारख्या स्थितिप्रिय कायदेपंडिताच्याहि नजरेंतून सुटली नाहीं.

या कायद्यानें ससे वांचले काय? ते राखले गेले, हें खरें, पण कोणासाठीं? ज्याच्या शेतांत ते ससे चरत त्या कुळास ते मारण्याची बंदी होती, आणि ज्याचें शेत नव्हे त्या जहागीरदारास ते मारण्याची मोकळीक होती. सशाच्या दृष्टीनें मरण तेंच राहिलें. बदलला तो फक्त मारणाऱ्याचा दर्जा. गरिबाच्या दृष्टीनें मात्र पुष्कळच बदललें. पोटासाठीं रात्रीं फास लावणारा माणूस चोर ठरला, आणि १७२३ च्या कुप्रसिद्ध 'काळ्या कायद्या'नें तोंडाला काजळ फांसून हरणाच्या राखीव रानांत शिरणाऱ्यास फांशीची शिक्षा लागूं केली. मालमत्तेची ती अट १८३१ सालीं उठली. तोंपर्यंतच्या काळांत इंग्लंडांत प्राण्यांविषयीं दया वाढली असेल तर ती या कायद्यामुळें नव्हे. या कायद्यानें वाढला तो खेड्यांतला द्वेष. आमचा "बरेंच झालें" म्हणणारा वाचक नकळत जें मागत आहे तें हेंच आहे, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

पण त्यालाहि आपली बाजू आहे, आणि ती आम्ही दडवूं इच्छीत नाहीं. तो म्हणेल, बंदूक सर्वांस मोकळी करून दिल्यावर काय होतें तेंहि पहा. अमेरिकेनें तोहि प्रयोग केला. इंग्लंडच्या शिकारकायद्यांस विटलेल्या लोकांनीं नव्या भूमीवर पाऊल ठेवलें तें रान सर्वांचें, शिकार सर्वांची, असें म्हणतच. पुढें कारखान्यांतून रायफली निघूं लागल्या, आगगाडीचे रूळ गवताळ पठारांतून गेले, आणि १८७१ च्या सुमारास रानगव्याच्या कातड्याचें टिकाऊ चामडें करण्याची युक्ति साधली. त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत काय घडलें तें सर्वविश्रुत आहे. ज्या गव्यांची गणना पूर्वीं कोटींनीं करीत, त्यांतले रानांत मोकळे असे कांहीं शेंच उरले. प्रवासी कबुतराची तर शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेली, आणि ज्या पक्ष्यांच्या थव्यांनीं पूर्वीं सूर्य झांकला जाई त्यांचें नांव तेवढें राहिलें.

स्वस्त बंदुकीचा हा पराक्रम पाहिल्यावर महाग बंदुकीचा पक्ष घ्यावासा वाटतो, यांत नवल नाहीं. परंतु जरा बारकाईनें पहावें. पठारावरील गवे कोणीं मारले? आपल्या मुलांबाळांसाठीं मांस आणावयास गेलेल्या शेतकऱ्यानें नव्हे. ते मारले धंदेवाल्यांनीं, ज्यांच्या हातांतली जड 'शार्प्स' रायफल त्या काळच्या मानानें चांगलीच महाग होती, आणि ज्यांस प्रत्येक कातड्यामागें एकापासून तीन डॉलरपर्यंत मिळत. ज्याला मारण्यांतून मिळकत आहे त्याच्या लेखीं बंदूक हें भांडवल असतें. भांडवल महागलें म्हणून धंदा सोडून दिल्याचें उदाहरण विरळा, उलट तें लवकर भरून काढण्यासाठीं तो दुप्पट मारतो. म्हणजे किंमतीची वेस ज्याला अडवते तो पोटापुरतें वा हौसेपुरतें मारणारा. आणि ज्याच्यापासून खरा धोका, तो धंदेवाला, ती वेस सहज ओलांडून जातो. आफ्रिकेंत गेंड्याचें शिंग चोरून विकणाऱ्यांच्या टोळ्यांस रायफलीच्या भावानें कधीं घाम फुटला आहे काय?

अमेरिकेंत जो संहार थांबला तो कशानें थांबला, हें पाहिलें म्हणजे हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तो थांबला तो मारलेल्या जनावराचा बाजार बंद केल्यानें. निरनिराळ्या संस्थानांनीं शिकारीचे हंगाम ठरविले, एका माणसानें किती मारावें याची मर्यादा घातली, रानांतलें मांस विकण्यास मनाई केली. आणि १९०० सालच्या लेसी कायद्यानें एका संस्थानांत बेकायदा मारलेलें जनावर दुसऱ्या संस्थानांत नेऊन विकणें हा गुन्हा ठरविला. या सर्वांत बंदुकीची किंमत कोठेंच नाहीं. श्रीमंतास एक हरिण आणि गरिबासहि एकच हरिण, हा त्यांतला न्याय इंग्लंडच्या न्यायाहून निराळा आहे, आणि आमच्या मतें बराच वरच्या दर्जाचा आहे.

एवढें झाल्यावर किंमतीचा नीतीशीं कांहींच संबंध नाहीं असें म्हणून हा विषय संपवितां आला असता. पण एक फार विलक्षण गोष्ट आडवी येते. २ सप्टेंबर १९३७ रोजीं, म्हणजे वर सांगितलेली 'मॉडेल ७०' बाजारांत आली त्याच सालीं, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं पिटमन-रॉबर्टसन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. शिकारीच्या बंदुका व काडतुसें यांवर पूर्वींपासून एक कर होता. त्याचें उत्पन्न यापुढें सरकारच्या सामान्य तिजोरींत न जातां केवळ वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठीं संस्थानांस वांटून द्यावें, असें या कायद्यानें ठरलें. आज लांब नळीच्या बंदुकांवर व काडतुसांवर हा कर शेंकडा ११ आहे. संस्थानाचें क्षेत्रफळ किती आणि परवानेधारक शिकारी किती, यांवरून प्रत्येकाचा वांटा ठरतो. आणि कामाच्या खर्चांतील एक चतुर्थांश संस्थानानें स्वतः घालावा लागतो. अलीकडच्या कित्येक वर्षांत ही रक्कम दरसाल अब्ज डॉलरांच्या घरांत गेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जीं पांढऱ्या शेपटीचीं हरणें पांच लाखांच्या आसपास उरलीं होतीं, तीं आज सुमारें तीन कोटि आहेत. हें सर्व श्रेय एकट्या कराचें नव्हे. शिकारबंदीचे हंगाम, लांडग्यांचा ऱ्हास, पडीक टाकलेल्या शेतांवर पुन्हां वाढलेलें रान, अशीं अनेक कारणें त्यांत आहेत. तरी त्या कराचा वांटा मोठा आहे, हें शिकारीच्या कट्ट्या विरोधकांनाहि मान्य करावें लागतें.

येथें किंमतीचा अर्थच पालटतो. इंग्लंडच्या कायद्यांत पैसा हा दारावरचा पहारेकरी होता. तो गरिबास बाहेर ठेवी. अमेरिकेच्या या करांत पैसा ऋण फेडण्याच्या रूपानें येतो. रानांतून जो घेतो त्यानें रानाला कांहीं परत करावें. आपल्या पूर्वजांनीं देवऋण, पितृऋण मानलें, त्याच जातीची ही कल्पना आहे. हरणाला मारणारा माणूस हरणाच्या वंशाचा पोशिंदा व्हावा, हें ऐकावयास चमत्कारिक वाटतें खरें. पण जो मारीत नाहीं आणि देतहि नाहीं, त्याच्यापेक्षां हा माणूस हरणाच्या अधिक उपयोगी पडला, हें कसें नाकारावें?

तथापि या व्यवस्थेंतहि एक कीड आहे. हरणाचें कल्याण बंदुकीच्या खपावर अवलंबून राहिलें कीं, हरणाच्या रक्षकास बंदूक खपावी अशी इच्छा होऊं लागते. १९८२ च्या सुमारास अमेरिकेंत एक कोटि सत्तर लाखांच्या आसपास शिकारी होते. २०१६ च्या सरकारी पाहणींत ते एक कोटि पंधरा लाख भरले. शिकारी कमी झाले, पण कराचें उत्पन्न वाढलें! कारण आज बंदुका घेणारे पुष्कळ लोक रानांत पाऊलहि टाकीत नाहींत. ते शेजाऱ्याच्या, चोराच्या, किंवा उद्यांच्या सरकारच्या भीतीनें बंदूक घेतात. ज्या सालीं समाजांत भीति अधिक त्या सालीं हरणांसाठीं पैसा अधिक, असा हा हिशेब आहे. माणसामाणसांतील अविश्वासावर पोसलेलें रान कितीहि हिरवेंगार दिसलें तरी तें पाहून आमचें मन निर्भेळ संतुष्ट होत नाहीं. अर्थात् त्यामुळें तो कर उठवावा असें आम्ही म्हणणार नाहीं. हरणाला पैसा कोणत्या भीतींतून आला याची चौकशी करण्याचें कारण नसतें.

आतां काडतुसांकडे वळूं. कारण किंमतीच्या नैतिक परिणामांतील अत्यंत महत्त्वाचा, आणि बहुधा कोणाच्याहि लक्षांत न येणारा भाग तेथें आहे. हरिण मारावयास एक काडतूस पुरतें. परंतु तें एका गोळींत, तडफड न करवितां मारावयाचें, तर त्या एका गोळीमागें वर्षभरांत शेंदोनशें गोळ्या निशाणावर झाडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे काडतुसाची किंमत चढली कीं तिचा भार मारण्यावर फारसा पडत नाहीं, तो पडतो शिकण्यावर. वर्षाकांठीं एका हरणासाठीं लागणारें एक काडतूस, मग तें तीन डॉलरांना पडो कीं पांच डॉलरांना, कोणीहि विकत घेईल. पण निशाणावरच्या शंभर काडतुसांना कात्री लागेल. हंगाम उजाडेल, आणि हाताची संवय मोडलेला माणूस रानांत जाऊन चाप ओढील. गोळी काळजांत न बसतां पोटांत बसेल, आणि तें मुकें जनावर दोन दोन दिवस झाडींत कुढत मरेल. महागाईची वाढीव रक्कम शेवटीं कोणीं भरली? शिकाऱ्यानें नव्हे. आणि ती भरल्याची पावतीहि कोठें उमटत नाहीं. कारण सरकारी नोंदींत चढतें तें हातीं लागलेलें हरिण, झाडींत मेलेलें नव्हे.

याच्या दुसऱ्या टोकाला जी महागाई आहे तीहि एकवार पहावी. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडसारख्या घराण्याची हातानें घडविलेली दुनळी रायफल आज लाख पौंडांच्या पुढें जाते, आणि ती मिळण्यास वर्षानुवर्षें थांबावें लागतें. जानेवारी २०१४ मध्यें अमेरिकेंतील डॅलस शहरीं नामिबियांतला एक काळा गेंडा मारण्याचा परवाना लिलावांत साडेतीन लाख डॉलरांस गेला. पैसा गेंड्यांच्याच रक्षणासाठीं वापरावयाचा होता, जनावर म्हातारें व इतर गेंड्यांस उपद्रव देणारें निवडावयाचें होतें. युक्तिवाद सगळा रीतसर होता. तरीहि जगभर त्या सौद्यानें लोकांच्या मनास जी शिसारी आली ती आम्हांस अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. किंमत एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे ती वस्तूची राहत नाहीं, मोजणाऱ्याच्या ऐटीची होते. आणि एका जीवाचा प्राण दुसऱ्याच्या ऐटीचें माप व्हावा, यांत फायदा कितीहि झाला तरी कांहीं तरी विटाळल्यासारखें वाटतें. साडेतीन लाख डॉलर देणारा माणूस गरजेपोटीं मारणाऱ्याहून अधिक दयाळू आहे, असें त्या पावतीवरून कोण सिद्ध करील?

आमच्या शास्त्रकारांस खरेदी आणि हिंसा यांचा हा संबंध अपरिचित नव्हता. मनुस्मृतींत घातकांची गणना करतांना मारणाऱ्याबरोबर अनुमति देणारा, विकणारा, विकत घेणारा आणि रांधणाराहि मोजला आहे. पैसा दिला म्हणजे हात धुतले गेले, ही सोय तेथें ठेवलेली नाहीं. वनपर्वांतील धर्मव्याधाची कथा याहून सूक्ष्म आहे. मिथिलेच्या बाजारांत मांस विकीत बसलेला तो व्याध तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवितो. आपण स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यानें मारलेलें विकतों, असेंहि तो सांगतो. पण त्यावरून आपण हिंसेपासून मुक्त आहों असा दावा तो करीत नाहीं. नांगरणाराहि मातींतले जीव मारतो, हें तो त्या ब्राह्मणास ऐकवितो. त्याच पर्वांत युधिष्ठिराच्या स्वप्नांत द्वैतवनांतील हरणें रडत येतात, आणि आमचें आतां बियाण्यापुरतेंच कूळ उरलें आहे, तुम्ही दुसरीकडे जा, असें विनवितात. पांडव वन सोडून काम्यकांत जातात. त्यांस कोणी बाणांचा भाव वाढविला नव्हता. आणि आपल्या सोपाऱ्यास १८८२ सालीं अशोकाच्या ज्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला, त्या लेखाचा विषयच हा आहे कीं, पूर्वींचे राजे मृगयेसाठीं सहलीस निघत, आणि अशोक धर्मयात्रेस निघूं लागला. शिकारीचा सर्व खर्च ज्याला सहज परवडत होता त्यानें ती सोडली. संयमाचा अर्थ लागतो तो अशा ठिकाणीं. ज्याला परवडतच नाहीं त्याच्या न मारण्यास संयम म्हणणें हें उपाशी माणसाच्या लंघनास एकादशी म्हणण्यासारखें आहे.

आपल्या देशांत तर हा प्रश्न मोठ्या विचित्र रूपानें उभा आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें इंग्रज सरकारनें हिंदी माणसाच्या हातांतील बंदूक परवान्याला बांधली व गोऱ्यास मोकळें ठेवलें. तेथें वेस पैशाची नव्हती, कातडीच्या रंगाची होती. स्वतंत्र भारतांत १९५९ चा नवा शस्त्रकायदा आला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार जवळ जवळ बंद झाली, आणि १९८० नंतरच्या दशकांत खासगी माणसास परदेशी बंदूक आणविणेंहि बंद झालें. परिणाम असा कीं, ज्या देशांत शिकार करतां येत नाहीं त्याच देशांत जुन्या विलायती शिकारी रायफलींचे सौदे लाखांनीं होतात. वाघ मारण्यासाठीं घडविलेलें हत्यार कपाटांत राहतें आणि दरसाल महागतें. त्यामुळें रानांतल्या कोणत्याहि प्राण्याचें भलें झालेलें नाहीं कीं वाईट झालेलें नाहीं. तें काम कायद्यानें केलें.

परंतु कायद्याच्या या बाजूला ज्याच्या शेतांत डुक्कर शिरतें तो माणूसहि आहे, आणि "बरेंच झालें" म्हणणारा वाचक बहुधा त्याच्या शेजारीं राहत नाहीं. कोंकणांत शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी हा कोणत्याहि अर्थानें शौकीन नव्हे. त्याची बंदूक आजोबांच्या नांवावरून बापाच्या व बापाच्या नांवावरून त्याच्या नांवावर चढलेली असते; निवडणूक आली कीं ती पोलिसांत जमा करावी लागते, आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठीं तालुक्याला खेटे घालावे लागतात ते मजुरी बुडवून. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें पिकांची नासाडी करणारें रानडुक्कर व नीलगाय वनाधिकाऱ्याच्या परवानगीनें मारण्याची सोय केली. पण परवानगीचा कागद हातीं आला तरी मारावयाचें कशानें, हा प्रश्न उरतोच. चांगली रायफल त्याच्या वर्षाच्या उत्पन्नांत बसत नाहीं. मग कोणी कुंपणांत चोरून वीज सोडतो, कोणी दारूगोळ्याचा गावठी बॉम्ब पिठांत लपेटून ठेवतो. डुकराबरोबर गुरें मरतात, क्वचित् माणूसहि मरतो. महाग बंदुकीच्या जागीं अहिंसा येत नाहीं, फास आणि बॉम्ब येतात. आणि जबडा फुटलेल्या जनावराचे हाल पाहिले म्हणजे चांगल्या रायफलीची एक नेमकी गोळी हीच त्यांतल्या त्यांत दया वाटूं लागते.

नुकसानभरपाईची तरतूद आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. शेतकऱ्यानें ठराविक मुदतींत अर्ज करावा, पंचनामा व्हावा, मग रक्कम मंजूर व्हावी. हरणांच्या व डुकरांच्या रक्षणाची जी किंमत आपण सर्वांनीं कराच्या रूपानें भरावयाची, ती तोंपर्यंत एकटा तो भरीत असतो, आणि भाताच्या लोंबींच्या रूपानें भरीत असतो. पंचनाम्याची माणसें येईपर्यंत दुसरी रात्र पडते व तो पुन्हां माळ्यावर जाऊन बसतो. जवळ बंदूक असली तर असते, नाहीं तर वाजवावयास पत्र्याचा डबा असतो.